पावसाळ्यातलं अंथरूण आणि रात्रीची पाळी

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर 2 तासांनी बदला, असं सगळेच सांगतात. कशी, ते कुणी सांगत नाही. पूर्ण कुशीवर नको, खुब्याच्या हाडावर भार येतो. पाठीमागे उशी लावून साधारण 30 अंश कलतं ठेवा. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. जागा फिकी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक, दाबूनही लालच राहिली तर जखमेची सुरुवात समजा. तिथे तेल चोळायचं नाही (घरोघरी हेच चालतं!), आतली कातडी आणखी दुखावते. अंगाखाली ठेवायची मधे भोक असलेली रिंगही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा अडतो.

गोव्यात जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत आणि दमट चादरीवर कातडी लवकर सोलते. पाच-सहा पातळ सुती चादरी हाताशी ठेवा.

पण खरी झीज रात्री. 11, 1, 3, 5 वाजता उठणारी बहुतेक घरांत एकटी सूनच. आठवड्यातल्या दोन रात्री दुसऱ्याच्या, हे आधीच ठरवा. ‘काही लागलं तर सांग गो’ म्हणणाऱ्या दिराकडे गोळ्यांचं खातं द्या. पण संपायच्या 5 दिवस आधी आठवणंही त्याचंच. यादी वहिनीने करायची असेल तर ओझं जागचं हललंच नाही.

सेवा करणाऱ्याची चिडचिड, रडू, झोप उडणं दोन आठवडे टिकलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे. नाहीतर सरळ बांबोळीच्या सरकारी इस्पितळाची मानसोपचार ओपीडी. शेजारी कुजबुजतील, कुजबुजू देत.