प्रार्थनागृहाबाहेर आलेला धर्म : महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्याविषयी

दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८४९ साली मुंबईत परमहंस सभा काढली, तेव्हा सभासद होणाऱ्याला जातिभेद न पाळण्याची शपथ घ्यावी लागे आणि ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन, मुसलमानाच्या हातचे पाणी पिऊन ती कृतीने सिद्ध करावी लागे. हे सारे गुप्तपणे चाले. पुढे १८६० च्या सुमारास सभेचे दफ्तर चोरीला गेले, सभासदांची नावे फुटणार अशी धास्ती पसरली आणि सभा मोडली. या माणसांना भित्री म्हणावे असे मला वाटत नाही. जातीने वाळीत टाकणे म्हणजे घरातल्या मुलींची लग्ने अडणे, मर्तिकाला खांदेकरी न मिळणे, आप्तांच्या दारात पाऊल ठेवता न येणे असा त्या काळचा अर्थ होता, आणि तो दंड एकट्या सुधारकाला नव्हे तर साऱ्या घराला भोगावा लागे.

या मोडलेल्या सभेतलीच काही मंडळी १८६७ साली प्रार्थना समाजात एकत्र आली. डॉ. आत्माराम पांडुरंग हे संस्थापकांपैकी प्रमुख होते, आणि पुढे न्यायमूर्ती रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, नारायण गणेश चंदावरकर यांच्यासारख्यांमुळे समाजाला मोठे वजन आले. एकेश्वरी उपासना, मूर्तिपूजेला विरोध आणि संतांच्या अभंगांचा आधार अशी त्याची घडण होती. तुकोबांचा अभंग उपासनेत आल्यामुळे हा धर्म परका वाटला नाही, ही त्याची फार मोठी कमाई होय. मात्र जातिभेद चुकीचा आहे असे मानणाऱ्या समाजाने जात मोडण्याची अट सभासदांवर घातली नाही. पुष्कळ सभासद रविवारी उपासनेला बसत आणि घरी जातीचे आचार पूर्वीप्रमाणे चालू ठेवत. समाज स्थापन झाल्यानंतरच्याच वर्षी, १८६८ साली, जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. दोन घटना शेजारी ठेवल्या की समाजाचे उणेपण लपत नाही, आणि जोतीरावांनी त्याच्यावर जी कठोर टीका केली ती मला रास्त वाटते.

हे उणेपण समाजाच्या आतूनच भरून काढण्याचा प्रयत्न ज्यांनी केला, ते विठ्ठल रामजी शिंदे. त्यांचा जन्म १८७३ साली जमखंडीस एका वारकरी मराठा कुटुंबात झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते प्रार्थना समाजाकडे ओढले गेले, ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात १९०१ ते १९०३ या काळात त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला आणि परत आल्यावर मुंबईत समाजाचे प्रचारक म्हणून काम पत्करले. सुशिक्षितांपुढे व्याख्याने देत सन्मानाने आयुष्य घालवणे त्यांना सहज जमले असते. त्यांनी मात्र उदार धर्माचा अर्थ अस्पृश्यांच्या वस्त्यांत जाऊन शोधायचा असे ठरवले. प्रचारासाठी फिरताना अहमदनगरजवळ भिंगार येथे अस्पृश्य मंडळींशी झालेल्या भेटीचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला, आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ येथे पहिली शाळा उघडून त्यांनी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीची, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशनची, स्थापना केली.

मंडळीचे अध्यक्ष चंदावरकर होते, पण रोजचे काम शिंदे यांनी आणि त्यांच्या भगिनी जनाबाई यांनी ओढले. त्या काळच्या एका मराठा स्त्रीने अस्पृश्य मुलांच्या शिक्षणाला वाहून घ्यावे, याचे मोल पुरेसे केले गेले नाही असे मला नेहमी वाटत आले आहे. शाळा, वसतिगृहे आणि उद्योगाचे शिक्षण यांच्या जोडीला उदार धर्माच्या तत्त्वांचा प्रसार हाही मंडळीच्या उद्देशांत होता. अस्पृश्यता हे हिंदू समाजाने केलेले धार्मिक पाप आहे आणि त्याची झाडाझडती धर्मानेच घेतली पाहिजे, अशी शिंद्यांची पक्की धारणा होती. १९१० साली समाजाचे प्रचारकपद सोडून ते मिशनच्या कामात पूर्णपणे उतरले आणि पुढे पुण्यात स्थायिक झाले.

समाजातल्या वजनदार माणसांच्या तोंडून अस्पृश्यतेविरुद्ध बोल काढून घेण्यासाठीही त्यांनी अथक खटपट केली. काँग्रेसच्या १९१७ च्या कलकत्ता अधिवेशनात झालेल्या अस्पृश्यताविषयक ठरावामागे त्यांचे प्रयत्न होते. मार्च १९१८ मध्ये मुंबईत त्यांनी भरवलेल्या परिषदेचे अध्यक्षपद सयाजीराव गायकवाडांनी भूषवले, आणि देव जर अस्पृश्यता मानत असेल तर त्याला मी देव म्हणणार नाही, अशा आशयाचे उद्गार लोकमान्य टिळकांनी तेथे काढले. टाळ्या पडल्या. परंतु आपण स्वतः दैनंदिन व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही, अशा प्रतिज्ञापत्रावर सही करण्याची वेळ आली तेव्हा टिळकांनी सही केली नाही. व्यासपीठावरचा शब्द आणि घरातला आचार यांमधले जे अंतर प्रार्थना समाजाच्या सभासदांना ओलांडता आले नव्हते, तेच येथे राष्ट्रीय पुढाऱ्यापुढे उभे राहिले. शिंद्यांनी सही मागितली, केवळ भाषणावर समाधान मानले नाही, यातच त्यांची खरी थोरवी आहे असे मी मानतो.

पण ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते त्यांचा स्वतःचा आवाज आता उभा राहिला होता, आणि शिंद्यांच्या कार्याची सर्वांत अवघड बाजू येथे सुरू होते. आमच्या संस्थेचा कारभार आमच्या हाती हवा, अशी मागणी अस्पृश्य समाजातल्या कार्यकर्त्यांनी केली आणि १९२३ साली शिंदे मिशनच्या कारभारातून बाहेर पडले. त्यांना याचे दुःख झाले. सतरा वर्षे प्रपंचाची पर्वा न करता केलेल्या कामाबद्दल अविश्वास वाट्याला यावा, हे कोणालाही जिव्हारी लागेल. तरीही मला ती मागणी न्याय्य वाटते. शिकवणारा, वसतिगृह चालवणारा आणि निर्णय घेणारा नेहमी वरच्या जातीचाच असेल, तर शिकून तयार झालेल्या माणसाने कायम कृतज्ञ राहूनच जगायचे काय? चारच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते कोणाच्या दयेने नव्हे, हक्काने घेतले.

शिंद्यांनी त्यानंतरही हा विषय सोडला नाही. सविनय कायदेभंगात येरवड्याचा तुरुंगवास भोगून आल्यावर, १९३३ साली, ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला. अस्पृश्यतेचा उगम इतिहास आणि समाजशास्त्राच्या आधाराने तपासणारा असा ग्रंथ मराठीत त्या वेळी दुर्मीळच होता. संस्था हातची गेल्यावर, सार्वजनिक जीवनात बरेचसे एकटे पडले असताना, त्याच प्रश्नाकडे त्यांनी अभ्यासकाच्या चिकाटीने पुन्हा पाहिले. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा अस्पृश्यता नाहीशी झाल्याचे घोषित करणारे संविधानाचे सतरावे कलम अमलात यायला सहा वर्षे अवकाश होता.