सरांच्या आवाजाखालची घरघर

गेल्या उन्हाळ्यात पुण्यात एका निवृत्त शिक्षकांच्या घरी, त्यांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण करायला मी गेलो होतो. पंखा आणि फ्रीज बंद केले, खिडक्या लावल्या, खोली अगदी शांत झाली. तरीही हेडफोन लावताच सरांच्या आवाजाखाली सलग घरघर ऐकू येऊ लागली. लॅपटॉपवरच्या ध्वनीच्या आलेखावर ५०, १००, १५० हर्ट्झवर (सेकंदाला तितक्या कंपनांवर) सुळके उभे होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ही घरघर खोलीतली नसून विजेची होती. फिल्टर लावून ती कापता आली असती, पण सरांचा आवाज खर्जातला, त्याचा मूळ स्वरच १०० हर्ट्झच्या आसपासचा. तेवढा पट्टा काढला असता तर आवाजातला भरदारपणाही गेला असता, आणि तो टिपण्यासाठीच तर मी आलो होतो.

मी वायरी तपासत असताना सरांनी सहज माइकच्या धातूच्या भागाला हात लावला आणि घरघर एकदम उतरली. "सर, हात तसाच राहू द्या," असे म्हणून मी लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवले, तर बारीक झिणझिण्या आल्या. चार्जरची तीन पिनांची वायर मी दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून लावली होती. अर्थिंगच न मिळाल्याने चार्जरमधून झिरपणारा सूक्ष्म प्रवाह यूएसबी वायरीतून ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या यंत्रात, उतरत होता. चार्जर काढताच घरघर थांबली. घरघर घालवण्यासाठी अर्थिंगची पिन काढून टाकावी, असे काही जण सुचवतात. तो उपाय जिवावर बेतू शकतो, तो कोणीही करू नये.

मागे एक बारीक झरझर उरली होती. शेजारच्या खोलीत काकूंचा पंखा मधल्या वेगावर फिरत होता आणि त्याचा गोल बटणाचा जुना रेग्युलेटर विजेची लहर सेकंदाला १०० वेळा तोडत होता. काकूंनी पंखा लगेच बंद केला. सरांच्या खिशातला बटणांचा टू-जी फोन मात्र वाजण्याआधीच हेडफोनमध्ये तडतडला. तो स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

घरात अर्थिंग असलेला एकच सॉकेट होता, तोही स्वयंपाकघरातच. म्हणून आम्ही बॅटरीवर मुद्रण करायचे आणि ती उतरली की चहा घेत लॅपटॉप तिथे चार्ज करायचा, असे ठरवले. दोन चहांमध्ये सरांच्या पहिल्या शाळेची संपूर्ण आठवण स्वच्छ मुद्रित झाली.