हिरवा ठिपका

सॅन फ्रान्सिस्कोत बार्ट या लोकल रेल्वेने पॉवेल स्ट्रीटला उतरले आणि फोर्थ स्ट्रीटने चालू लागले. वाट विचारावी लागलीच नाही. गळ्यात बिल्ले अडकवलेली माणसं एकाच दिशेने निघाली होती. परिषद जिथे भरते त्या मॉस्कोनी सेंटरची मोठी दालनं जमिनीखाली आहेत. सरकत्या जिन्याने खाली गेलं की बाहेर ऊन आहे की अंधार, काही कळत नाही.

मार्च २०१५ची गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स, म्हणजे व्हिडिओ गेम्स बनवणाऱ्यांची परिषद. १९८८ साली गेम डिझायनर ख्रिस क्रॉफर्ड यांच्या घरच्या दिवाणखान्यात पंचवीस-तीस जणांत सुरू झालेल्या या परिषदेला आता हजारो लोक येतात. कंपन्यांचे झगमगते स्टॉल मी भराभर पाहून घेतले. माझा जीव गुंतला होता तो डिझाइनच्या कार्यशाळेत.

तिथे एकही संगणक नव्हता. टेबलावर पत्ते, पोकरमध्ये वापरतात तसल्या चिप्स आणि सहा अनोळखी माणसं. प्रत्येकाने पत्ता पालथा ठेवायचा, मग सगळ्यांनी एकदम उघडायचा. पहिल्या डावात आम्ही मोठमोठ्याने एकमेकांना पटवत होतो, हसत होतो. मग सांगण्यात आलं, एकच नियम बदला. आम्ही बोलणं बंद केलं. पत्ते तेच, चिप्स तितक्याच. पण टेबलावर अशी शांतता पसरली की समोरच्याची पापणी हलली तरी संशय यावा.

रॉबिन हनिकी, मार्क लब्लांक आणि रॉबर्ट झुबेक यांचा गेम डिझाइनवरचा २००४चा निबंध मी कितीदा वाचला होता. नियमांतून वागणं घडतं, वागण्यातून भावना. डिझायनर नियमांच्या टोकाकडून बघतो, खेळणारा भावनेच्या. खरं सांगायचं तर तो मला त्या शांततेत कळला.

आणि मग दुसऱ्या दालनात, नेहमीच्या कंट्रोलरशिवाय खेळायच्या गेम्सच्या प्रदर्शनात, रॉबिन बाउमगार्टन यांचा 'लाइन वॉबलर'. पडदाच नाही. नुसती एलईडी दिव्यांची लांब पट्टी, आणि हातात दाराला लावतात तसली स्प्रिंग. ती वाकवली की हिरवा ठिपका पुढे सरकतो. झटका देऊन थरथरवली की समोरचा लाल शत्रू मरतो. नारिंगी लाव्हा विझेपर्यंत थांबायचं. तिथे थांबताना मी श्वास रोखून धरला होता, एका ठिपक्यासाठी! स्प्रिंगची थरथर तळहातातून थेट मनगटापर्यंत जाणवत होती.

लाव्हाने मला गाठलं. मागे उभ्या असलेल्या मुलीला मी जागा करून दिली आणि नियम सांगायला तोंड उघडलं. तोवर तिने स्प्रिंग वाकवलीही होती.