पाण्याविना खरारा

लातूर शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी येऊ लागले, तेव्हा आमच्या गावी टँकर दोन दिवसांआड येत असे. अशा दिवसांत कुत्र्याला अंघोळ घातली असती, तर शेजाऱ्यांनी तोंडावर काही म्हटले नसते, पण आम्हालाच मान वर करून चालता आले नसते. खंड्या तेव्हा जेमतेम वर्षाचा होता आणि नांगरलेल्या काळ्या रानात लोळणे हा त्याचा रोजचा कार्यक्रम होता. पाण्यावाचून त्याला स्वच्छ कसे ठेवावे, या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी ब्रशपर्यंत पोहोचलो आणि त्यानंतर पाऊस चांगला झाला तरी तो हातातून सुटला नाही.

पहिला प्रयोग फसला, हे आधीच सांगतो. घायपाताला आमच्याकडे केकताड म्हणतात. त्याची पाने कुजवून आणि चेचून जो वाख निघतो, त्याचे दोर वळतात आणि भिंतीला चुना मारण्याचे कुंचेही करतात. घरात असा एक न वापरलेला कुंचा होता. तो लांबलचक असल्याने मी कोयत्याने बोटभर लांबीचा कापला आणि खंड्याच्या पाठीवरून फिरवू लागलो. आजी ओसरीवरून पाहत होती. ती म्हणाली, "बैलावानी खरारा करालास काय त्याला?" तिचा प्रश्न रास्त होता, कारण दोन-चार हात फिरताच खंड्या अंग चोरून खाटेखाली गेला आणि त्याच्या माकडहाडावरची कातडी लालसर झालेली दिसली. धागा जितका आखूड कापावा तितका तो ताठ होतो आणि कापलेले टोक बोचते, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. बैलाच्या जाड कातडीला जे सुखावते, ते या कुत्र्याला कसे मानवणार?

खंड्या पश्मी वळणाचा आहे. लातूर जिल्ह्यातील जानवळ हे गाव कारवानी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्यांच्यात गुळगुळीत, आखूड केसांचे ते कारवानी आणि कानांवर, पायांवर, शेपटीवर रेशमी झुपके असलेले ते पश्मी, असा भेद आमच्याकडचे लोक करतात. दोन्हीही धावण्यासाठी घडलेली, सडपातळ, पातळ कातडीची जनावरे आहेत. कणा, खुबे आणि कोपरे यांवर मांसाची गादी जवळजवळ नसतेच. त्यामुळे बारीक तारांचा जो ब्रश केसाळ विलायती कुत्र्यांसाठी विकला जातो, तो यांच्या हाडांवरून फिरवला की ओरखडे उठतात. हात हलका ठेवावा आणि ब्रश केसांच्या वळणानेच फिरवावा, एवढे पथ्य मात्र कोणत्याही जातीला लागू आहे.

पुढे मी शहरातून "नैसर्गिक ब्रिसल" असे छापलेला एक ब्रश आणला. काम त्याने उत्तम केले. सुटलेले केस आणि धूळ वर आली, आणि आठवडाभरात अंगावर अशी तकाकी दिसू लागली, जी शाम्पूने कधी आली नव्हती. याचे कारण असे, की अशा ब्रशात बहुधा डुकराचे राठ केस असतात. ते आणि कुत्र्याचे केस एकाच प्रकारच्या प्रथिनाचे बनलेले असून त्यांच्यावर सूक्ष्म खवले असतात, म्हणून केसांच्या मुळाशी स्रवणारे तेल ते टोकापर्यंत पसरवत नेतात. नायलॉनला हे तितके जमत नाही. शिवाय आमच्याकडच्या कोरड्या थंडीत नायलॉनच्या घर्षणाने वीज साचते आणि मांजराच्या पाठीवर चटचट आवाज होतो. मनीने त्या आवाजानंतर चार दिवस माझ्याकडे पाठ फिरवली होती.

मात्र केस डुकराचे आहेत, हे पाकिटावर कोठेही लिहिलेले नव्हते, आणि ही माझी खरी तक्रार आहे. आजीला कळताच ब्रशाची रवानगी गोठ्यात झाली. शेजारच्या भाभींकडे तीन मांजरे आहेत, त्यांनीही तो हाती धरण्यास नम्रपणे नकार दिला. दोन्ही घरांचा आक्षेप मला मान्य आहे; गिऱ्हाइकाला विचारण्याची संधी तरी मिळायला हवी. अखेर भाभींनी घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश घेतला आणि मी टॅम्पिकोचा. टॅम्पिको हा मेक्सिकोतील एका घायपातवर्गीय झुडपाचा धागा आहे, म्हणजे आमच्या केकताडाचाच भाऊबंद. परंतु तो नीट विंचरून, टोके सारखी करून बसवलेला असल्याने माझ्या कोयत्याच्या कारागिरीहून फार निराळा लागतो. वनस्पतीचे धागे पाणी शोषून नरम पडतात, म्हणून चिखलाचे पाय पुसताना मी तो किंचित ओला करतो. काथ्याचा ब्रश मात्र अंगाला कधीच लावू नये. त्यात काष्ठद्रव्य भरपूर असते आणि तो भिजूनही राठच राहतो. पोत्यावर अडकलेले केस काढायला तो नामी आहे.

धाग्याच्या ब्रशाने सगळे होते, असा भाबडा समज करून घेऊ नये. तो वरच्या थरावर काम करतो. कानामागे आणि काखेत झालेला गुंता त्याने सुटत नाही, वरून मात्र सारे गुळगुळीत दिसते. गुंता आधी बोटांनी आणि मग स्टीलच्या फणीने, टोकाकडून मुळाकडे सोडवावा, तोही कोरडाच, कारण पाणी लागले की तो अधिक आवळतो. कात्री चालवू नये. मांजराची कातडी गुंत्यासोबत वर ओढली जाते आणि कापली जाते. पावसाळ्यानंतर कुसळे बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत शिरतात, ती हाताने चाचपूनच सापडतात. गोचिडांचेही तसेच. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, बोटांत चिरडू नये. ब्रशातून काळे कण पडले, तर ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाकावेत; तांबूस डाग उमटला, तर पिसवा आहेत असे समजावे. अशा वेळी कुत्र्याची पावडर मांजराला लावण्याचा मोह घातक आहे, कारण तिच्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजर दगावू शकते.

मनीची जीभ हाच तिचा ब्रश आहे. त्यावरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असल्याने चाटलेले केस पोटात जातात आणि पुढे गोळा होऊन ओकारीतून पडतात. उन्हाळ्याच्या तोंडावर केस झडतात, तेव्हा मी रोज तीन-चार मिनिटे मान आणि पाठ तेवढी विंचरतो. पोटाला हात लावत नाही. शेपटी आपटू लागली की थांबतो.

दोघांचे ब्रश वेगळे आहेत, कारण गजकर्ण ब्रशावरून एका जनावराकडून दुसऱ्याकडे आणि तेथून माणसाकडे जाते. लाकडी पाठ भिजू न देता फक्त धागे कोमट पाण्यात खळबळतो आणि धागे खाली करून सावलीत ठेवतो. या कामाला तांब्याभर पाणी पुरते.