बैलाचे दात, ट्रकचं दार

बैल घ्यायला गेलेला माणूस आधी जबडा उघडून दात बघतो. जुनी शेवरोले ३१००, म्हणजे अमेरिकन पिकअप ट्रक, बघायला गेलेल्याने दाराचं हँडल बघावं. खाली वळवायचं असेल तर गाडी १९५१ पर्यंतची, बटण दाबायचं असेल तर १९५२ पासूनची. काचेपुढची ती छोटी उघडती तिकोनी काच १९५१ मध्ये आली. म्हणजे तिकोनी काच आणि वळतं हँडल एकाच दारात दिसलं, तर साल एकच!

अर्थात दारं बदलता येतात. पेट्रोलचं झाकण मात्र सहसा खोटं बोलत नाही. १९४७-४८ च्या गाडीत ते हौद्याच्या उजव्या अंगाला असे. १९४९ पासून टाकी केबिनमध्ये शिरली आणि झाकण उजव्या दाराच्या मागे आलं.

खरी गंमत बॉनेटखाली आहे. २१६ घनइंची, ओळीत सहा सिलिंडर. क्रँकशाफ्ट पेलणाऱ्या मेन बेअरिंगला पंपाचं ऑइल मिळतं, पण पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बुडाला चक्क पळी! संथ चालीत ती खालच्या पन्हाळीत बुडते, वेग वाढला की नोझलमधून उडणारी धार झेलते. त्यामुळे ऑइलच्या दाबाचा काटा पंधरा पौंडांच्या आसपास असतो आणि नवखा घाबरतो. घाबरू नये, मोजपट्टीच तीसपर्यंतची आहे. घाबरायचं ते गाळाला. गाळाने नोझल तुंबलं किंवा तळाचं ऑइल पॅन पोचून त्याची धार चुकली, की पळी कोरडी राहते. त्यात मागच्या अ‍ॅक्सलचा गिअर ४.११ चा, म्हणजे टॉप गिअरमध्येही चाकाच्या एका फेरीला इंजिनच्या चारहून जास्त फेऱ्या; हमरस्त्यावर तासन्‌तास पळवलं की इंजिन नुसतं किंचाळतं आणि रॉडमध्ये बेअरिंग म्हणून ओतलेलं बॅबिट, म्हणजे मऊ मिश्रधातू, ठोकायला लागतं. झीज थोडी असेल तर रॉडच्या कॅपखालची एक शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, काढून कसायचं. शिमा संपल्या की बॅबिट नव्याने ओतायचं. १९५४ च्या २३५ इंजिनात रॉडलाही दाबाने ऑइल मिळालं आणि पळीची सुट्टी झाली.

सेल्फ सुस्त फिरतो म्हणून बॅटरीला शिव्या घालणारे बहुतेक वेळा बारीक वायर जोडून बसलेले असतात. या गाडीची वीज सहा व्होल्टची, आणि बारा व्होल्टच्या मानाने सहा व्होल्टला करंट दुप्पट लागतो. करंगळीएवढी जाड केबल टाका आणि अर्थिंगची जागा लोखंड चमकेपर्यंत घासा.

केबिनमध्ये पेट्रोलचा वास आला, तर झाकणापासून टाकीपर्यंतची रबरी नळी तडकली आहे का ते बघा, आणि तोवर सिगारेट नको. सतरा-अठरा गॅलन पेट्रोल सीटच्या पाठीला टेकलेलं असतं. शेवरोलेच्या पिकअपमध्ये ते १९७२ पर्यंत तिथेच होतं.