नऊशे ग्रॅमचा पेशंट

वाईत माझ्याकडे येणारं काम बहुतेक गाई-म्हशींचं. व्यालेली गाय किटोसिसनं, म्हणजे रक्तातली साखर घटून, बसली की डेक्स्ट्रोजची (ग्लुकोजची) अख्खी बाटली मानेच्या शिरेतून सोडायची, हाताला तीच सवय. त्या शनिवारी दुपारी मुंबईची एक गाडी दवाखान्यासमोर थांबली आणि एका आजींनी पदरात गुंडाळलेलं पॉमेरेनियनचं पिल्लू टेबलावर ठेवलं. मान टाकलेली, डोळे अर्धवट उघडे, मागचा एक पाय झटके देत होता.

"गाडी लागली असेल का हो, डॉक्टर?" नातवानं विचारलं.

हिरड्या पांढऱ्याफटक, अंग गार. गाडीचा एसी मुंबईपासून चालू. खायला काय दिलं, तर काहीच नाही. घाटात ओकेल म्हणून काल रात्रीपासून उपाशी.

मोठं कुत्रं असा उपास काढतं. अडीच महिन्यांच्या एवढ्याशा पिल्लाला तो झेपत नाही. यकृतात साखरेचा साठा जेमतेम, अंगावर मांस नाही, त्यात गारठा. काही तास पोट रिकामं राहिलं की साखर घसरते आणि झटके सुरू होतात. कानाच्या कडेचा थेंब माणसांच्या ग्लुकोमीटरवर घेतला. आकडा आलाच नाही, नुसतं 'लो'. हे यंत्र कुत्र्याची साखर थोडी कमीच दाखवतं, पण इथं शंकेला जागा नव्हती.

आधी हिरड्यांवर मध चोळला. आजी वाटीत दूध घेऊन सरसावल्या, त्यांना थांबवलं. शुद्ध हरपलेल्या जनावराच्या तोंडात काही ओतलं तर ते फुप्फुसात जातं. वजन ९०० ग्रॅम. पुढच्या पायाची शीर शेवयीएवढी. २४ नंबरचा पिवळा कॅन्युला, शिरेत ठेवायची बारीक नळी, कसाबसा बसला. २५ टक्के डेक्स्ट्रोज २ मिली, त्यात तेवढंच सलाइन, आणि अगदी सावकाश. पोटाशी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली.

थोड्या वेळात पायाचे झटके थांबले. मग मान वर आली आणि साहेबांनी माझंच बोट चावायला घेतलं.

पिल्लू 'टीकप पॉम' म्हणून भरपूर पैसे मोजून घेतलेलं. टीकप अशी जात मान्यताप्राप्त केनेल क्लबांच्या यादीत नाही. वेतातलं किरकोळ पिल्लू नाहीतर आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू या नावानं खपवतात. राग आला तो विकणाऱ्याचा. या घरच्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं.

मग सगळं सांगत बसलो. दर तीन-चार तासांनी दोन घास, प्रवासातसुद्धा. मधाची बाटली हाताशी. मानेला पट्टा नको, छातीचा हार्नेस घ्या. या जातीची श्वासनलिका आधीच नाजूक. मांडीवर नको, छोट्या पिंजऱ्यात ठेवा आणि पिंजरा मागच्या सीटला बेल्टनं बांधा. परतीला रेल्वे चालेल का, असंही त्यांनी विचारलं. फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन मिळाली तरच कुत्रं सोबत, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. ते मी तिथंच मोडीत काढलं.

"आज घाट चढू नका. संध्याकाळी पुन्हा साखर बघू."

"पण महाबळेश्वरचं बुकिंग..." नातू पुटपुटला.

"तू जा," आजी म्हणाल्या. "मी याला घेऊन ढोल्या गणपतीपाशी बसते."

"बसा, पण खाली सोडू नका. लसी व्हायच्यात अजून."

"पदरातच ठेवते. आणि ते घास म्हणजे नक्की केवढे, तेवढं दाखवा मला."