नाव नागचं, रेती कन्हानची

शहराला नाव दिलं नाग नदीनं, पण नागपूर पोसलं ते कन्हाननं आणि तिला येऊन मिळणाऱ्या पेंचनं. तरी नागपूरकराला कन्हान म्हटलं की आठवतं ते कामठीनंतरचं स्टेशन. जबलपूर रोडवर पूल आला की खिडकीतून जरा डोकावायचं, पात्रात पाणी किती ते पाहायचं, संपला विषय.

आमच्या गल्लीत मात्र कन्हान बारा महिने पडलेली असते. कोणाचं ना कोणाचं घर बांधायला निघालेलं असतं आणि अर्ध्या रस्त्यावर रेतीचा ढीग. रात्री उशिरा टिप्पर येतो, फाळक्यातून पाणी टपकत असतं, सकाळी त्या ओल्या ढिगात पोरं बोगदे खणतात. (मांजरांचंही तिथे काम असतं, ते सोडा.) मिस्त्री येतो, मूठभर रेती घेऊन दाबतो, झटकतो आणि तळहात पाहतो. हात मळला तर माती जास्त. "कन्हानची हाये भाऊ, पाहून घ्या," असं रेतीवाला सांगतो; मिस्त्रीचा विश्वास तळहातावर. मग तिरप्या चाळणीवर रेजा, म्हणजे बांधकामावरच्या मजूर बाया, फावड्यानं रेती मारतात, खाली गुळगुळीत गोटे आणि शिंपल्या उरतात. त्या शिंपल्या पोरांच्या खिशात जातात. स्लॅबमध्ये जाते ती नदीच. पात्र किती खरवडायचं याला मात्र कोणाची चाळणी नाही.

ही नदी छिंदवाड्याकडून सातपुडा उतरून येते. खापरखेड्याजवळ बिना संगमावर पेंच आणि कोलार तिला मिळतात. मागे वीजकेंद्राच्या चिमण्या. तिथून कामठी, 1821 पासूनची छावणी. पुढे भंडारा रोडवर मौदा. मग कुही तालुक्यात सावंगीजवळ नाग येऊन मिळते, म्हणजे खरं तर आपलं शहरच येऊन मिळतं, न्हाणीघरासकट. वर तिचं पाणी प्यायचं आणि खाली हे द्यायचं. शेजारणीकडून आणलेल्या वाटीत खरकटं परत करावं, तसं. तीही काही बोलत नाही, सगळं घेऊन आंभोऱ्याला जाते.

आंभोरा बघायलाच हवं. वैनगंगा, कन्हान, आंब, मुर्झा, कोलारी असा पाच नद्यांचा संगम, टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ. आद्यकवी मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथेच लिहिला, असं इथली माणसं छातीठोक सांगतात. मुकुंदराजांवर आपलाच हक्क सांगणारे अंबाजोगाईकर ते मानत नाहीत. आपण वैदर्भीय, आपलं मत ठरलेलं. गोसीखुर्द धरणाचं पाणी इथवर फुगल्यामुळे संगम आता तळ्यासारखा दिसतो, कोणती नदी कोणती ते ओळखू येत नाही. 2024 च्या जानेवारीत वैनगंगेवरचा केबलचा पूल सुरू झाला. त्याच्या उंच गॅलरीतल्या गर्दीचं लक्ष बहुतेक मोबाईलमध्ये असतं.

जायचं तर कुही-मांढळवरून जा. उन्हाळ्याच्या तोंडाला रस्त्याकडेला मिरचीचे सातरे, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागा, लागतात. तोंडाला पदर बांधून बाया मिरचीचा मुक्का, म्हणजे देठ, तोडत बसलेल्या, आणि जिकडेतिकडे लाल. गाडीच्या काचा आधीच लावून घ्या, नाहीतर वेलतूरपर्यंत शिंकत जाल. आणि रविवार टाळा, त्या दिवशी पुलावर नागपूरच असतं.